प्रत्येक ओळीला

चिठ्ठीवर तीन ओळी असल्या
की तीन वेळा नऊ पौंड नव्वद.
डॉक्टर फुकट. रक्त तपासलं, फुकट.
छातीचा फोटो काढला, तोही फुकट.
पण सगळ्यात शेवटी, माझ्या या काउंटरपाशी,
एक बुटकं फाटक आहे
आणि त्याची कडी माझ्या हातात.

डॅरन बेडोज छपरांवर स्लेटी बसवतो.
नखांत करडी भुकटी, गुडघ्यावर ठिगळ.
मी पिशवी पुढे सरकवायच्या आत
तो आवाज खाली आणतो,
रांगेपर्यंत पोचू नये इतका:
"यातलं कुठलं नसलं तरी चालेल?"

याचं उत्तर मला कुणी शिकवलं नाही.
गोळ्या मोजायला शिकवलं,
जुळ्या नावांतून नेमकं खोकं उचलायला शिकवलं.

निळा पंप धाप लागल्यावर.
तपकिरी पंप धाप लागू नये म्हणून.
तिसरी ओळ शिंकांची, ती त्याने आधीच सोडलेली.
तो निळा उचलतो.
नेहमी निळाच.
ज्याची छाती आत्ता आवळते आहे
त्याला पुढच्या हिवाळ्याचं काय सांगायचं?
तरी सांगते.
मास्तरांसमोर पोरानं हलवावी
तशी तो मान हलवतो.

पास काढ की रे, मी म्हणते,
महिन्याला अकरा-बारा पौंड, मग ओळी कितीही.
"खात्यातून कापतात ना?" तो हसतो, हसताना शिटी वाजते आत.
"कापायला खात्यात काहीतरी असावं लागतं."

त्याच्या मागे मिसेस हॉटन.
तिच्या गळ्यातली ग्रंथी बंद पडली तेव्हापासून
तिला सगळंच माफ:
थायरॉइडच्या गोळ्या तर झाल्याच,
वर कोपराचं मलम, पायाच्या बोटांचं औषध.
कुठल्याशा जुन्या यादीत तिचा आजार बसला,
दमा बाहेर उभा राहिला,
अजून उभाच आहे.
"माझ्या गळ्यानं मरायला बरी जागा निवडली," ती म्हणते,
आणि पर्सची चेन उघडते, लावते,
पुन्हा उघडते.
तिच्याकडून घेण्यासारखं माझ्याकडे काही नसतं.

आणि मी?
मी पुलापलीकडे राहते, वेल्समध्ये.
तिथे कुठल्याच ओळीला पैसे पडत नाहीत.
नदी एवढीशी, की ऑगस्टात मेंढ्या
देश बदलतात आणि चरत राहतात.
रक्तदाबाची जुनी पाकिटं संपायच्या आत
मी नवी आणते.
खण भरलाय.
हे मी डॅरनला कधी बोलले नाही.
त्याला ठाऊक आहे.
त्याची बहीण सियान माझ्याच गल्लीत राहते,
आई एक, बाप एक, दमाही तोच.
तिच्या सिंकवरच्या फळीवर दोन्ही पंप.
रविवारी जेवायला गेला
की तो तिचा तपकिरी मागून घेतो, दोन झुरके,
कुणाकडून सिगरेट मागावी तसे.
आठवड्यातला एक दिवस
त्याची छाती परदेशी असते.

सहा वाजता शटर अर्ध्यावर आणते.
न नेलेली खोकी परत फळीवर लावायची,
त्याआधी नावाची चिठ्ठी खरवडायची.
डिंक चांगला असतो सरकारी कामाचा.
बेडोज निघतं, डॅरन निघत नाही,
मग अंगठ्यानं घासत बसायचं
एका माणसाला एका खोक्यावरून.

पुलावर वारा होता. घरी येऊन कोट काढला
तर बाहीला कागदाचा तुकडा.
एवढी वाट माझ्या कोपराला धरून आला होता,
कुणी अडवला नाही, कुणी पैसे मागितले नाहीत.
दिव्याखाली धरला.
माझ्याच मशीनची छपाई, माझंच गिरवलेलं वाक्य:
सकाळी दोन झुरके. रात्री दोन.
बरं वाटत असलं तरी थांबू नये.