पत्ता शून्य

साकीनाक्याच्या गाळा नंबर चौदात
तबस्सुम लांबे आणि मी
एका तराजूला बोलायला शिकवतो आहोत.
तराजू लालबागच्या मिरचीवाल्यांसाठी.
आत अंगठ्याएवढ्या बोर्डावर लिनक्स,
आणि फटीफटीत ब्याडगी,
कारण चाचणीला दिलेला नमुना
परत येतो तो लाल होऊनच.

नियम साधा : उपकरणानं आपणहून बोलायचं नाही.
केबल लागली की दीड हजार ओहमचा एक रोध
तारेला वर ओढून धरतो, एवढंच;
दारात चपला काढून उभं राहावं, तसं.
मग संगणक विचारतो, कोण? कुठलं? कोणत्या कंपनीचं?
अठरा बाइटांत सांगायचं,
आणि तेही पत्ता शून्यवरून.
नव्यानं आलेल्या प्रत्येकाचा पत्ता
इथे शून्यच असतो.

चार दिवस इथेच अडलो.
नाव विचारलं, सांगितलं.
संगणक म्हणाला, आजपासून तू पाच नंबर.
पुढे शांतता. लॉगमध्ये तीच ओळ :
पाच नंबर पत्ता स्वीकारत नाही, एरर उणे एकाहत्तर.
लॅमिंग्टन रोडवरून दुसरी केबल आणली,
कर्नल पुन्हा बांधला,
तबस्सुमनं कंट्रोलरच्या मॅन्युअलला
खास दाभोळकडच्या शिव्या दिल्या.

रात्री साडेअकराला ॲनालायझरवर दिसलं :
आमचं येडं घाई करत होतं.
नवा नंबर ऐकला की रजिस्टरमध्ये लिहून मोकळं,
आणि "बरं" म्हणायचं ते पाचातून.
संगणक अजून शून्याच्या दाराला कान लावून.

होकार जुन्या पत्त्यावरून द्यायचा असतो.
तो पोचला, की मग बिऱ्हाड हलवायचं.

दोन ओळींची अदलाबदल. बस.

गेल्या मार्चात ट्रान्झिट कॅम्पचा टेम्पो
खाली हॉर्न मारत होता,
तरी आई रिकाम्या खोलीकडे वळून म्हणाली,
येते हं.
कुणाला सांगतेस, मी खेकसलो,
तासाचे पैसे लावतोय तो.
तिनं सावकाश कडी लावली,
कुलूप ओढून पाहिलं दोनदा,
आणि किल्ली बिल्डरच्या पोराच्या हातावर ठेवली.

तबस्सुमनं तराजूवर आपला डबा ठेवला.
संगणकानं विचारलं. तराजूनं सांगितलं :
चारशे बारा ग्रॅम.
आम्ही काही बोलणार,
तेवढ्यात दोघांनाही शिंका आल्या.