इतर परिस्थिती कायम असताना

बारावी कला, तुकडी ब.
खिडकीपलीकडे नंदुरबारच्या मिरचीच्या पथाऱ्या.
वारा इकडे वळला की
मागणीचा नियम सुरू व्हायच्या आत
सगळा वर्ग शिंकतो.

वळवी सर खडू झटकतात,
‘इतर परिस्थिती कायम असताना,’ म्हणतात,
आणि फळ्यावर रेघ ओढतात,
डावीकडून उजवीकडे उतरत जाणारी,
कॉलेजमागच्या नाल्यात पायवाट उतरते तशी.
‘किंमत वाढली की मागणी घटते. लिहा.’
लिहितो.

इतर परिस्थिती म्हणजे कोणती, सर?
उत्पन्न, आवडनिवड, लोकसंख्या, हवामान.
हे सगळं कायम धरायचं.
धरलं नाही तर?
तर नियम लागू होत नाही. खाली बस.

माय समोरच्याच पथारीवर देठं खुडते, किलोवर.
संध्याकाळी बोटांची आग आग.
खोबरेल चोळून हात पुढे धरून बसते,
जणू कुणाची ओटी घ्यायचीय.
गरम भाकरी मोडवत नाही तिला,
मी घास भरवते आणि पाठ म्हणते मोठ्याने:
भुकेल्या माणसाला पहिल्या भाकरीपासून उपयोगिता वीस,
दुसरीपासून पंधरा, तिसरीपासून आठ,
चौथीपासून शून्य, पाचवीपासून उणे.
माय घास थांबवून विचारते,
‘पाचवी भाकर कोनी खादी व?’

कळण्याची भाकरी, वर ठेचा.
माझा डबा म्हणजे पुस्तकातली निकृष्ट वस्तू:
उत्पन्न वाढलं की माणूस तिच्याकडे पाठ फिरवतो.
पण विसरवाडीच्या हायवेवर
सुरतेच्या गाड्या थांबतात त्या हॉटेलात
हीच भाकरी पितळी ताटात,
वर लोण्याचा गोळा, दीडशे रुपये.
मग ही आता कोणती वस्तू, सर?
सर खिडकीबाहेर बघत राहिले जरा वेळ.
म्हणाले, खरं आहे तुझं.
परीक्षेत लिहू नकोस.

सदतीस नंबर. गुलसिंग पावरा.
दिवाळीनंतर घरच्यांबरोबर बारडोलीकडे गेला, ऊसतोडीला.
पुस्तकात याला श्रमाची गतिशीलता म्हणतात.
सर अजून त्याचं नाव पुकारतात रोज
आणि एक श्वासभर थांबतात,
मग अडतीस.

रात्री त्याचा फोन येतो, मागे ट्रॅक्टरचा आवाज.
आज काय झालं?
मागणीची लवचीकता.
म्हणजे रबरासारखी?
हो, रबरासारखी.
थांब, गाडी भरायला बोलावताहेत.
मी थांबते. रेंज जाते, येते.
‘कुठवर ताणली की तुटते, आहे का पुस्तकात?’
मी पानं उलटून पाहिली.
पाच प्रकार आहेत.
तुटण्याचा नाही.

प्रकल्पाला विषय हवा होता.
मुलींनी सोनं घेतलं, मोबाइल घेतला.
मी आलेख कागद घेतला, आडव्या अक्षावर दिवस,
उभ्यावर मायच्या हाती पडलेले रुपये,
कार्तिकापासून रोज एक ठिपका.
मिरची ओली आली त्या दिवशी इथे.
ढग आले, पथारी गुंडाळली, त्या दिवशी शून्यावर.
बोटं सुजली ते दोन दिवस शून्यावर.
मुकादमाने वजनकाटा बदलला तेव्हा इथे, थोडा खाली.
पट्टी लावून पाहिली, रेघ काही जमेना.
कशीही ओढली तरी
निम्मे ठिपके बाहेर राहायचे.

माय वाकून बघत होती.
‘हाई काय मांडस?’
तुझी मजुरी.
तिला अक्षर येत नाही, पण ठिपक्यांवरून
बोट फिरवत गेली सावकाश,
शून्यापाशी थांबली.
‘हाऊ दिन माले याद शे,’ म्हणाली.
बोट उचललं तेव्हा कागदावर
तेलाचा लालसर डाग.

नवा कागद घ्यायला वेळ होता.
घेतला नाही.
सोमवारी सरांनी प्रकल्प हातात घेतला,
डाग जवळून पाहायला डोळ्यांपाशी नेला,
आणि वारा अजिबात नसताना
शिंकले.