तळघरातलं दुकान, कुताइसी

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात बाप येतात.
एरवी येतात ती पोरं, तुटका चार्जर घेऊन.
बाप मात्र मोजलेले पैसे घेऊन येतात
आणि पायऱ्या उतरताना
खिशावरचा हात काढत नाहीत.

गोचा मिनीबस चालवतो, झुग्दिदीच्या रस्त्यावर.
त्याला ओळखतो मी, त्याच्या हॉर्नला जास्त ओळखतो.
सोबत लेक, नुत्सा. तिबिलिसीला निघालीय,
भूगर्भशास्त्र शिकायला.
"दगडांना कशाला लागतो लॅपटॉप?"
गोचा मला विचारतो, म्हणजे तिला विचारतो,
म्हणजे कुणालाच नाही.

आणि तिसरी, फोनमध्ये: लामारा.
इटलीतून, बारीहून,
कुणा म्हातारीला दुपारचं झोपवून
परक्या स्वयंपाकघरात कुजबुजत बोलणारी.
पाच वर्षं झाली. पैसे तिचेच आहेत.
बाराशे लारी, त्यात दोन ईस्टरांची बक्षिसी.
फोन मी साखरेच्या डब्याला टेकवून ठेवतो,
म्हणजे तिलाही काउंटर दिसेल.

मी विचारतो ते नेहमीचंच.
नकाशे उघडणार? मग रॅम सोळा.
रॅम म्हणजे काय, गोचा विचारतो.
रॅम म्हणजे ओटा, मी सांगतो,
कोठीत पीठ कितीही असो,
एका वेळी लाटणार तेवढंच, जेवढा ओटा.
फोनमधून हसू येतं. बाईला कळलं.
"आमचा ओटा पाच वर्षं रिकामाच आहे,"
गोचा म्हणतो,
आणि भिंतीवरच्या वायरी बघू लागतो.

नुत्साचा डोळा त्या चंदेरीवर.
वहीसारखा पातळ. तिनं दोन बोटांनी उचलून पाहिला.
मलाही तो विकायचाय, फेब्रुवारीपासून विकायचाय.
त्याच्या पोटात बॅटरी फुगू लागलीय,
टेबलावर ठेवला की केसभर डुगडुगतो.
केसभरच. दोष टेबलाचा वाटावा इतकाच.
नव्वद लारी नफा.
"चांगली निवड आहे" हे वाक्य
माझ्या ओठांवर येऊन बसलं होतं.

तेवढ्यात फोनमधली म्हणते,
"भाऊ, मला बाकीचं कळत नाही.
कॅमेरा लावून दाखवता का?
रोज रात्री मी त्यातूनच बघणार."

चंदेरी मी फळीवर ठेवतो. तोंड भिंतीकडे.
करडा काढतो: जाड, जड,
जर्मनीतल्या कुठल्याशा कचेरीतून निवृत्त,
बिजागरी दणकट, झाकणावर खरवडलेला नोंदणीचा आकडा.
"हा?" नुत्साचं तोंड पडतं.
"हा तिसऱ्या मजल्यावरून पडला तरी चालू राहील."
तिसरा मजला खोटा. टेबल खरं.

कॅमेरा सुरू होतो.
आधी माझं नाक, मग छत, मग नुत्सा.
लामारा फोनमधून लॅपटॉपमधली नुत्सा बघते,
नुत्सा लॅपटॉपमधल्या स्वतःला बघते,
गोचा मध्ये डोकावतो, त्याचा अर्धा कान येतो.
"थोडी दाणेदार दिसतेय," लामारा म्हणते.
मग बराच वेळ काही म्हणत नाही.
मग, "केस कधी कापलेस?"

कीबोर्ड जर्मन. आमची अक्षरं स्टिकरवर येतात,
तेहेतीस, द्राक्षवेलीच्या तणाव्यांसारखी,
वळणावळणाची.
एरवी मीच चिकटवतो, पाच लारी घेऊन.
आज गोचानं तो कागद माझ्या हातून घेतला.
स्टिअरिंगवर राठ झालेली बोटं.
नखानं सोलतो, श्वास धरतो, दाबतो.
"ल" तिरका लागला.
तो उचकटायला जातो.
"राहू दे," नुत्सा म्हणते.

बारीत म्हातारी जागी झाली असावी.
"सी, सी," म्हणत लामारा निघून गेली,
फोन बंद करायचा राहिला:
एक नळ, एक खिडकी, दोरीवर परक्या चादरी.

अकरा अक्षरं अजून बाकी.
दुकान बंद करायची वेळ टळून गेलीय.
मी टेबलावरचा दिवा
गोचाच्या हाताजवळ सरकवतो.