लॉट नंबर एकशे सतरा

खडकीच्या डेपोत कागदावर छापलं होतं,
'जसे आहे, जिथे आहे.'
नानांना मी ते वाचून दाखवलं नाही,
चाळीस वर्षं मागावर, त्यांना ऐकू येत नाही.
त्यांच्या तळहातावर बोटानं आकडा काढला:
एक, बारा, तीन शून्यं.
त्यांनी मूठ मिटली.
म्हणजे घे.

नऊशे किलो, शेवाळी हिरवा,
सायलेन्सरच्या तोंडात गांधीलमाशांचं घर.
नागनाथ ड्रायव्हर म्हणाला,
"एवढ्या पैशात दोन म्हशी आल्या असत्या की ताई,
त्या चालू तरी असत्यात."
वरून मोराची चादर टाकली, आमचीच,
रंग चुकला म्हणून व्यापाऱ्यानं परत केलेली.
इंदापूरला चहाच्या पोरानं विचारलं,
आत कोण आजारी आहे?
टेंभुर्णीच्या पुढं ऊन असं
की चादरीखालचं लोखंड जुनं ऑइल गाळायला लागलं,
मोहोळपर्यंत मागं काळ्या थेंबांची ओळ,
ह्याला परत पळून जायचं असल्यासारखी.

साखर पेठेत गल्लीत टेम्पो शिरेना.
मग रिकाम्या बीमचे नळे आडवे टाकले,
मागचा नळा पुढं, मागचा नळा पुढं,
सहा माणसं आणि मी.
ओट्यावर पोशव्वा विड्या वळत होती,
बोटं न थांबवता म्हणाली,
"मिलिटरी आली बे."

दस्तगीर मिस्त्री रोज सातनंतर यायचा.
गंजलेल्या बोल्टला आधी डिझेल,
मग हातोडीची टिचकी, मग शिवी.
शिवीनंच सुटायचा.
रिजेक्ट टॉवेलांनी आम्ही काळं पुसत राहिलो,
पिवळे, गुलाबी, 'वेलकम' विणलेले.
टॅपेट कव्हरचं पॅकिंग मिळेना गावात,
तर नानांनी माळ्यावरून जकार्डची जुनी कार्डं काढली,
भोकं चुकवून कडेकडेनं कात्रीनं कापली.
मोराच्या पिसाऱ्याची एक ओळ
आता तेल अडवून बसलीय.

रंग खरवडताना पॅनेलच्या दाराआड
खिळ्यानं कोरलेली एक ओळ निघाली.
दस्तगीर म्हणाला तमिळ,
मी म्हणाले मल्याळम असेल.
आम्हा कुणालाच वाचता येईना.
नानांनी तिच्यावरून बोट फिरवलं,
तुटलेला धागा शोधताना फिरवतात तसं,
आणि म्हणाले, "एवढं सोड."
सगळीकडं निळा ऑइलपेंट लागला,
तेवढा वीतभर तुकडा हिरवाच आहे.

पहिल्यांदा सुरू झाला तेव्हा
आधी खोकला, मग गल्लीभर पांढरा धूर,
पोशव्वानं सूप उचलून आत नेलं.
व्होल्टाची सुई थरथरत दोनशेवीसला टेकली.
दस्तगीरनं मिशीवर हात फिरवला.
नानांनी ब्लॉकवर तळहात ठेवला,
डोळे मिटले,
मान हलवली.
तीन बोटं दाखवली.
"तिसरा दम खातोय."
"नाना, आवाज मी ऐकतोय ना," दस्तगीर म्हणाला,
आणि लगेच जीभ चावली.
रात्री साडेदहाला तिसरा इंजेक्टर उघडला.
नोझल थेंब थेंब गळत होतं.
दस्तगीर काही बोलला नाही,
त्या दिवशीची मजुरी मात्र त्यानं घेतली नाही.

गुरुवारी अकराला वीज गेली.
पेठेतले माग एकदम मेले,
असं शांत की नळाचं ठिबकणं ऐकू आलं.
मी चावी फिरवली.
आमचे चार माग, नुसते आमचे,
खटाक खटाक करत राहिले चारपर्यंत.
लोक दारात येऊन बघून गेले.
दोघं मोबाइल लावून गेले चार्जिंगला.

संध्याकाळी वही काढली.
डिझेल सोळाशेचं.
टॉवेल छप्पन्न, त्यातले तीन डागी.
दोनदा मांडलं, जुळत नाही.
नानांच्या तळहातावर आकडा काढला असता,
पण वीज परत गेली होती
आणि तळहात
मशीनवर होता.