साडेसहा

बारा दिवसांसाठी येतो प्रत्येक लॅपटॉप
बोर्ड्यातल्या माझ्या माडीवर,
परतीचा पत्ता खोक्यावरच चिकटवून.

आधी त्याला तापवायचं.
दोन तास आकडेमोड, मग तळाला थर्मामीटर.
पंखा किती डेसिबल ओरडतो ते मोजायला
पदेराचा पोंपों वळणापार जाईपर्यंत थांबायचं.
बॅटरीची चाचणी वीजखातं घेतं,
माझ्यापेक्षा नियमित.

कीबोर्डला आठ. स्पीकरला चार,
न्हाणीत भांडं पडल्यासारखा आवाज.
बिजागरी शंभरदा उघडली, मिटली.
खारी हवा तिचं काय करील
ते बारा दिवसांत कळत नाही,
असं लिहिलं होतं मागे. संपादकांनी कापलं.

कॅमेरा तेवढा राहिला होता,
तेव्हा खालची एस्पेरान्सा आली
फ्रॉकला हात पुसत.
तिचा फोन बंद पडलेला,
आणि जोयवीनची बोटीवरची पाळी
अकराला सुटते.

पडद्यावर दाणेदार काळोख,
त्यात एक हनुवटी, अर्धा कान.
मी वहीत टिपलं:
कमी उजेडात निकामी. तीन.

ती पुढे वाकली. बोट टेकवलं.
"दाड काडली मरे तुजी?"

तिकडे थोडा वेळ नुसती घरघर.
मग तो म्हणाला,
"तुका कशें कळ्ळें, मम्मी?"

तीन खोडले नाहीत मी. तीनच आहेत.
रात्री सरासरी काढली, साडेसहा.
सकाळी कुरियरवाला येईल.
पडदा स्वच्छ पुसून द्यावा, अशी कंपनीची अट.

उजवीकडे, गालाच्या उंचीवर,
तेलकट बोटाचा एक ठसा.

बाकीचा पुसला.