तीन थाऊ

चाक आधी अंगठ्याने चाचपलं पाष्ट्यांनी,
मग डायल लावला. काटा हलला.
म्हणाले, तीन थाऊ आऊट आहे, बाई.
वागळे इस्टेटमध्ये, रोड नंबर सोळावर,
दुपारी अडीचला
माझ्या मांडीवरच्या तीनशे वर्षांच्या हौसेला
पहिल्यांदा कुणी आकडा दिला.

तोवर मी खाडीला बोल लावत होते.
कोपरीत तिसऱ्या मजल्यावर
जून ते सप्टेंबर लाकूड श्वास आत घेतं
आणि सोडत नाही.
तार चाकाला टेकते, सुटते, टेकते,
जो सूर अखंड असायचा
त्याला उचकी लागते.

"जात्यासारखं आहे, नाही?" शेजारच्या फणसेबाई म्हणाल्या.
जातं मी कधी ओढलं नाही.
उथळसरला आमची पिठाची गिरणी होती, पट्ट्यावरची.
दाणे संपत आले की तिचा आवाज चढायचा
आणि अण्णा भरल्या ताटावरून उठायचे.
हर्डी-गर्डीची मूठ फिरवताना
मला ओवी नाही आठवत,
तो चढता आवाज आठवतो,
आणि पाटावर थंड होणारं वरण.

कापूस वातींचाच वापरते.
चार-पाच तंतू, जिथे चाक तारेला घासतं तिथे,
बोटाने गुंडाळून.
जास्त झाला तर तार बहिरी,
कमी झाला तर किंचाळते.
आणि एक तार उभी असते सैल लाकडी तुकड्यावर:
मनगटाला झटका दिला की तो थरथरतो, गुरगुरतो.
फ्रेंच लोक त्याला कुत्रा म्हणतात.
माझा गुरगुरला की
खाली दूध केंद्रापाशी झोपलेला खरा
एक कान उभा करतो,
बघतो, आपल्यापैकी नाही,
पुन्हा झोपतो.

हे वाद्य आधी आंधळ्या भिकाऱ्यांचं.
मग सरदारणींना मेंढपाळ व्हायची लहर आली.
रेशमी झगे, फिती बांधलेल्या काठ्या,
साबणाने धुतलेल्या मेंढ्या,
आणि चांगल्या जुन्या गिटारी कापून
त्यांच्या पोटात चाकं बसवली गेली.
त्या बायकांसाठी लिहिलेले नाच मी वाजवते,
गाऊनवर, गॅसवर डाळ ठेवून,
तिसऱ्या शिट्टीपर्यंत.
भिकारी पुढे कुठे गेले
ते नोटेशनच्या वहीत नाही.

दोन दिवसांनी पाष्टे म्हणाले, वाजवून दाखवा.
लेथ थांबवलं. शेजारच्या गाळ्यातली प्रेस चालूच होती.
मी एक रोंदो वाजवला,
फिरून फिरून त्याच ओळीवर घरी येणारा.
ते माझ्या मनगटाकडे बघत राहिले.
"लंगडतंय," म्हणाले. "चाक तर मी सरळ केलं."

चाक बरोबर आहे, मी म्हटलं.
हे सूर कागदावर सारखे लिहायचे
आणि वाजवताना एक लांब, एक आखूड.
तशीच रीत होती.
"का?"
सारखे वाजवले तर शिपायासारखे चालतात.
पाष्ट्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.
"कागदावर सारखे, हातात कमीजास्त.
म्हणजे आमचा पगार."

मी हसले. ते नाही हसले,
किंवा हसले असतील, प्रेसच्या आवाजात कळलं नाही.
एकेचाळीस वर्षं हा माणूस
लोखंडातलं कमीजास्त खरवडून काढतोय.
"परत एकदा," ते म्हणाले,
"तो लंगडणारा भाग."

दीडशे रुपये घेतले.
वर्तमानपत्राच्या पुडीत चाकाचा भुसा बांधून दिला,
तुमचा माल आहे, म्हणाले.
रिक्षात, तीन हात नाक्याच्या सिग्नलला,
मी पुडी उघडली.
पिवळसर, राळेचा वास असलेला, कणकेहून बारीक.
अण्णांनी चिमटीत घेऊन पाहिला असता
आणि गिऱ्हाइकाला सांगितलं असतं:
लाडवाला चालायचं नाही.