अपग्रेड

रविवार कारंजाजवळच्या आमच्या छापखान्यातला कॉम्प्युटर
चालू व्हायला वीस मिनिटं घ्यायचा.
तेवढ्यात मी खाली चहा पिऊन यायची.

गायधनींचा ओजस सांगून गेला, शेठ,
याला आता कुणी वाली नाही.
शेठ म्हणाले, चालतंय ना?
चालत होतं. ऐन लग्नसराईत, एका मंगळवारी, थांबलं.

नव्यावर जुन्या फायली उघडल्या.
फॉन्ट नाही. डोंगलला भोकच नाही.
चि. सौ. कां.च्या जागी कंस, टक्का, डॉलर;
सतरा वर्षांची लग्नं, बारशी, दहावे
एकाच भाषेत बरळत होते.

ओजसचा चेहरा उतरला.
मी टेबलावर बोटं ठेवली.
टक्का दिसला की माझी डावी तर्जनी आपोआप उठते,
ती उठली की मला अक्षर कळतं.
मी वाचत गेले, तो नव्याने टाइप करत गेला.
सहावी फाइल त्याच्याच मुंजीची निघाली:
गंगेवर, भर उन्हात, ‘आहेर आणू नये’.

शेठ विचारतात, जुनंच दुरुस्त करून घ्यायचं का?
नको, म्हटलं. नवंच राहू दे.
फक्त माझा पगार बघा एकदा,
तोही त्याच साली बसवलाय.